खुराड्याची खिट्टी

छप्पर

बघणाऱ्याने बघतच राहावं असं ते खुराडं झालं होतं. चार पायांवर कंबरेएवढं उंच, वर उतरतं छप्पर, आणि फळीला फळी अशी भिडवलेली की मधून केस जायचा नाही. एका गिऱ्हाइकाने कपाट सांगितलं होतं, लाकूड कापून झाल्यावर तो नको म्हणाला. त्याच लाकडाला मिस्त्रीने रंधा मारला, पॉलिशपेपरने घासलं, वर पॉलिशचा हात दिला आणि आईच्या कोंबड्यांना घर बांधलं.

आधीचं खुराडं परसातल्या भिंतीला टेकून रचलेल्या दगडांचं होतं, वर पत्रा. त्याचं दार गुडघ्याच्या खाली. वाकून अंडी काढताना आईचा तोल गेला आणि ती उजव्या हातावर पडली. मनगट जुळलं, पण वाकडं जुळलं. ती अंथरुणावर असतानाच दगडांच्या फटीतून मुंगूस शिरलं आणि एक कोंबडी मारून गेलं. मिस्त्रीने तेव्हाच ठरवलं, आता फट ठेवायची नाही आणि आईला वाकायला लावायचं नाही.

गल्ली बघायला आली. चक्कीवाली खुराड्याभोवती एक फेरी मारून म्हणाली, "मिस्त्री, कोंबड्यांना काढा बाहेर. मी येते राहायला. माझं छप्पर तर अजून गळतंय."

"तुला परवडायचं नाही," आई म्हणाली. "भाडं म्हणून अंडं द्यावं लागतं."

सगळे हसले. मिस्त्री हसला नाही. कामाचं कौतुक चाललं असलं की तो उगाच एखादा सांधा चाचपत उभा राहायचा.

खिट्टी

खरी कमाल खिट्टीची होती. जुन्या कुलपातली स्प्रिंग काढून त्याने ती बसवली होती. अंगठ्याने दाबून धरायची आणि त्याच वेळी दोन बोटांनी बाजूला सरकवायची. नुसती दाबली तर हलणार नाही, नुसती सरकवली तरी हलणार नाही. मुंगूस कितीही हुशार असलं तरी त्याला एका वेळी दोन कामं कुठली जमायला.

"हे बघ," म्हणत त्याने आईचा हात खिट्टीवर ठेवला आणि त्यावर आपला हात ठेवून दाबलं. खट्. दार उघडलं.

"जमलं ना?"

"जमलं," आई म्हणाली.

शब्द

हे त्याच्या थोडं आधीचं. आईचं प्लास्टर निघालं त्या दिवशी ताई आली होती. ताई म्हणजे मिस्त्रीची थोरली बहीण, शहरात असते, बोलायला फटकळ आणि करायला खंबीर. जेवणं झाल्यावर तिने विषय काढला.

"आई, तू आता माझ्याकडे चल. इथे ही दोघं उजाडायच्या आत कामाला जातात. तू दिवसभर एकटी. परत पडलीस तर कोण बघणार?"

"कोंबड्या बघतील."

"चेष्टा नको."

"चेष्टा कसली? माझं औषधपाणी, माझं चहापान मी अंड्यांवर भागवते. चहाटपरीवाला माझ्या अंड्यांची वाट बघत असतो. कुणावर भार नाही माझा." मग आई हसून म्हणाली, "ज्या दिवशी अंडी बंद होतील ना, त्या दिवशी मुकाट येईन तुझ्या मागे. झालं समाधान?"

"शब्द दिलास हं. हा साक्षीला आहे." ताईने भावाकडे बघितलं. "काय रे? तुझं काय म्हणणं?"

मिस्त्री पायाखालचा लाकडाचा भुगा अंगठ्याने गोळा करत होता. घर दीड खोलीचं. आईच्या खोकल्याने त्याची झोप मोडायची. आईचा हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा बायकोचे कामावर खाडे पडले होते. असं बरंच काही त्या भुग्यात होतं. त्याने भुगा गोळा केला, पसरला, पुन्हा गोळा केला.

बोलला काही नाही.

रिकामं

नव्या घरात कोंबड्यांनी सुरुवातीला अंडी दिली. मग कमी दिली. मग एक दिवस आई पाटी घेऊन गेली आणि रिकामी पाटी घेऊन आली, आणि तेच रोजचं झालं.

चक्कीवाली म्हणाली दृष्ट लागली, एवढं चकचकीत घर कोणी बांधतं का कोंबड्यांना. टपरीवाला म्हणाला म्हाताऱ्या झाल्यात, कापा आणि नव्या आणा. समोरचे पेन्शनर म्हणाले बाहेर कुठेतरी घालत असतील, लाकडांच्या मागे बघा, आणि ते स्वतः काठीने लाकडं उचकत बसले, तिथे विंचू निघाला, अंडं निघालं नाही. कोणी म्हणालं खाणं कमी पडतंय, कोणी म्हणालं खाणं जास्त होतंय, चरबी धरली. मिस्त्रीची बायको भाज्यांच्या वखारीत निवडायला जायची. ती येताना पानं, कांड्या, मोडके दाणे पिशवीभर आणायची. कोंबड्या सगळं खायच्या आणि मान वाकडी करून तिच्याकडे बघायच्या.

वर त्यांची पिसंही गळायला लागली. परसात जिकडे तिकडे पिसं. ठिपकी नावाची कोंबडी सगळ्यांत पुढारी, तिची मान उघडी पडली, शेपटी गेली. बाकीच्यांचीही तीच गत. एरवी दिमाखात चालणाऱ्या त्या बाया भिजल्या फडक्यांसारख्या दिसायला लागल्या.

आई रोज पाटी घेऊन जायची. येताना पाटी पदराखाली धरायची, म्हणजे रिकामी आहे हे कोणाला दिसू नये.

तपासणी

जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टरीण गल्लीत एका गायीसाठी आली होती. मिस्त्रीने तिला घरी आणलं. तरुण होती, पण घाई नव्हती तिला. तिने ठिपकीला उचललं, पंख उलगडला, पिसांच्या मुळाशी फुंकर मारून बघितलं. मग तुरा बघितला.

"पिसवा थोड्या आहेत. चुलीतली राख आणि कोरडी माती एका घमेल्यात ठेवा, त्या लोळतील. पिसं गळतायत ते मात्र दुखणं नाही. दिवस लहान व्हायला लागले की जुनी पिसं टाकून नवी घालतात. सगळी ताकद त्यात जाते, मग अंडं कुठून देणार? त्या दिवसांत दाणे-डाळीचं खाणं वाढवायचं आणि धीर धरायचा. शिंपल्यांचा चुरा देता?"

"नाही," मिस्त्री म्हणाला.

"द्या. कवच त्याचंच होतं. पाणी रोज ताजं." मग तिने खुराड्यात डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं. "वास कोंडलाय. आणि ही बसायची दांडी एवढी गुळगुळीत कोणी केली?"

"मी."

"छान केलीय. जिन्याचा कठडा म्हणून लावा." ती हसली. "अहो, त्यांना नखांनी धरायला काही नको का? घसरतात, मग खाली घाणीत झोपतात."

मिस्त्रीचे कान तापले. बायकोने पदर तोंडाला लावला.

"तरीपण," डॉक्टरीण म्हणाली, "सगळ्या एकदम थांबल्या, आणि पिसं गळायच्याही आधी. कोंबडीला अंड्यासाठी उजेड लागतो. दिवसभराचा. उजेड कमी पडला की तिच्या अंगाला वाटतं, आता अंडी द्यायचे दिवस नाहीत. सकाळी कधी सोडता यांना?"

"उजाडताच," आई म्हणाली. प्रश्न संपायच्या आत म्हणाली.

बायको खाली बघून पायाने परसातली माती चाळवायला लागली.

"मग बरोबर आहे," डॉक्टरीण म्हणाली. "मग नुसती पिसंच असतील."

दांडी

दांडी बदलली. रंधा न मारलेली, सालीसकट, पंजात मावेल अशी फांदी बसवली. रंधा न मारता लाकूड लावायला मिस्त्रीचा हात धजत नव्हता. दोनदा त्याने रंधा उचलला आणि दोनदा खाली ठेवला. राख-मातीचं घमेलं ठेवलं. शिंपले कुटले. डाळीचा चुरा घातला. पाण्याचं भांडं रोज घासलं.

कोंबड्या राखेत लोळल्या, फांदीवर बसल्या, चुरा खाल्ला.

पाटी रिकामीच.

तेवढ्यात ताईचा फोन आला. तिच्या नवऱ्याची गाडी इकडे येणार होती, त्या गाडीने ती येणार होती. कशी आहेस, जेवतेस का, हात कसा आहे, असं सगळं विचारून झाल्यावर तिने विचारलं, "आणि अंडी?"

आई म्हणाली, "ये तू."

फोन ठेवल्यावर तिने ट्रंक उघडली आणि आपली लुगडी बाहेर काढून घड्या घालायला बसली. घडी वाकडी यायची. ती उलगडून पुन्हा घालायची.

"आई, कशाला?" मिस्त्री म्हणाला.

"शब्द दिलाय."

"तसला शब्द काय धरून बसायचा?"

आईने त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, जणू तो आणखी काही बोलेल म्हणून. मग ती पुन्हा घडीकडे वळली.

पटाशी

त्या दिवशी मिस्त्री पटाशी विसरला. उजाडायच्या आत सायकल काढून साइटवर गेला, दाराच्या चौकटीचा सांधा काढायला बसला आणि पिशवीत हात घातला तर बारीक पटाशी नाही. दुसऱ्याच्या हत्याराने त्याला काम करवत नसे. शिव्या घालत तो परत निघाला.

घराशी आला तेव्हा ऊन परसाच्या भिंतीवरून खाली उतरलं होतं. गल्लीतली पोरं शाळेला गेली होती. चक्की सुरू झाली होती. शेजारच्या घरातल्या कोंबड्या केव्हाच्या उकिरड्यावर चरत होत्या. त्याने सायकल भिंतीला लावली आणि ठक् ठक् असा आवाज ऐकला. आपल्या परसातला.

आई खुराड्यासमोर उभी होती. दार बंद. आत कोंबड्या फळ्यांवर आदळत होत्या, चोची मारत होत्या. आईने उजव्या हाताचा अंगठा खिट्टीवर टेकवला होता आणि डाव्या हाताने तो अंगठा दाबत होती. मग सरकवायला बोटं नेली की अंगठा सुटायचा. तिने उलथन्याच्या दांड्याने खिट्टी दाबून बघितली. दांडा निसटला आणि पॉलिशवर ओरखडा उठला. आईने पटकन पदर थुंकीने ओला केला आणि ओरखडा पुसायला लागली. कोंबड्यांचं तिला भानच राहिलं नाही, ती ओरखडाच पुसत राहिली.

तो जात नाही म्हटल्यावर तिने कपाळ फळीला टेकलं.

"थांबा गं बायांनो," ती आत बघून म्हणाली. आत बघण्यासारखी फट कुठे होती? ती फळीशीच बोलत होती. "येईल ती आता. थोडी कळ काढा."

मिस्त्री भिंतीआड उभा होता. चार पावलांवर. तो जाऊ शकला असता. पण गेला असता तर आईला कळलं असतं की त्याने बघितलं.

बायको वखारीतून आली तेव्हा उन्हाने अंगण भरलं होतं. पिशवी खांद्यावरून न उतरवताच ती परसात गेली. एका हाताने खट्. कोंबड्या एकमेकींवर पडत बाहेर आल्या, अंधारातून उजेडात आलेलं माणूस डोळे मिचकावतं तशा क्षणभर थबकल्या आणि मग पाण्याकडे धावल्या.

आई म्हणाली, "आज उशीर झाला गं."

"मुकादम सोडत नव्हता, आई."

बायको हात धुवायला पुढच्या दारी आली. तिथे नवरा उभा. ती दचकली.

"कधीपासून चाललंय हे?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"अहो, तुम्ही इथे कसे?"

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. संध्याकाळी दार नुसतं लोटलं की लागतं, ते जमतं त्यांना. उघडणं नाही जमत. त्या अंगठ्यात जोरच नाही राहिला."

"मला सांगायचं नाही?"

"त्यांनी शपथ घातली होती."

"मला? मला सांगायचं नाही म्हणून? मी काय खिट्टी बदलली नसती?"

बायकोने पदराने हात पुसले. पुसून झाल्यावरही पुसत राहिली.

"खिट्टीचं नाही हो ते. साधी खिट्टी उघडता येत नाही असं कळलं, तर तुम्ही वन्संना बोलावून घ्याल, असं वाटलं त्यांना." मग खाली बघून म्हणाली, "त्या दिवशी वन्संनी विचारलं, तेव्हा तुम्ही काही बोलला नव्हतात ना."

चक्कीचा पट्टा फट्फट् वाजत होता. मिस्त्रीने पिशवी उघडली, बंद केली. पटाशी घेतली नाही आणि साइटवरही गेला नाही.

करवत

"आज घरी कसा?" आई म्हणाली.

"खिट्टी बिघडलीय. बदलायला हवी."

"बिघडलीय?"

"स्प्रिंग जुनी होती. अडकते."

आईने धान्याचं सूप पुढे ओढलं. "मला वाटलंच," ती म्हणाली आणि धान्य निवडायला बसली. पाठ त्याच्याकडे करून.

त्याने चारही स्क्रू काढले. इतके घट्ट पिळले होते की काढताना स्वतःचीच चीड आली. खिट्टीच्या जागी त्याने तळहाताएवढी लाकडी फिरकी लावली, मधोमध एकच खिळा. कोपराने ढकलली तरी फिरते, उलट्या हाताने मारली तरी फिरते. मुंगसासाठी खालून एक पट्टी वाढवली. मग आईला हाक मारली नाही, की बघ म्हटलं नाही. तो विडी ओढायला पुढच्या दारी गेला. आतून फिरकीचा आवाज आला. एकदा. थोड्या वेळाने पुन्हा. मग पुन्हा पुन्हा.

परत आला तेव्हा आई धान्याशीच बसली होती.

मग त्याने उगवतीच्या बाजूच्या फळीवर पेन्सिलीने रेघ मारली. त्याच्या हातचं सगळ्यांत चांगलं काम होतं ते. त्या फळीचे सांधे सापडायचे नाहीत, असं तो साइटवर सांगत असे. करवत लावली. पॉलिशवर दात आधी घसरला, मग धरला. तुकडा खाली पडला तशी सकाळच्या उजेडाची चौकट थेट आत, फांदीवर जाऊन बसली. त्याने तिथे तारेची जाळी ठोकली. कोंडलेला वास हळूहळू निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो निघायच्या आधीच परसात फिरकी वाजली. अजून दिवा लावावा लागेल असा उजेड. कोंबड्या कुरकुरत खाली उतरल्या.

गाडी

अंडी मात्र आली नाहीत. पिसं गळायची ती गळलीच होती. नव्या पिसांचे काटे मानांवर उभे राहिले होते, साळिंदरासारखे. एकदा ताकद त्यात गेली की कोणाच्या हातात काही नसतं, हे डॉक्टरणीने सांगितलंच होतं.

ताई सकाळीच उतरली. तिच्या हातात डबा, पिशवी, आईसाठी गरम मोजे. आल्याआल्या ती परसात गेली, घमेलं बघितलं, जाळी बघितली, कोंबड्या बघितल्या.

"या काय अवतार करून बसल्यात!"

"कात टाकतायत," आई म्हणाली.

"अंडी?"

मिस्त्रीची बायको पुढे झाली. तिने पाटी आणली होती, तिच्यात पांढरी स्वच्छ अंडी. "ही काय, वन्सं. आजचीच."

ताईने एक अंडं उचललं. ते पांढरं होतं, दुकानातलं असतं तसं. आईच्या कोंबड्यांची अंडी विटकरी. बायकोच्या मानेवर घाम आला.

"ठेव गं ती," आई सुनेला म्हणाली. आवाजात राग नव्हता. "संध्याकाळी करून खाऊ... तुम्ही करून खा." मग लेकीकडे वळली. "एकही नाही. बरेच दिवस झाले. माझं गाठोडं आत बांधून ठेवलंय."

आता ताईलाच सुचेना. ती आली होती वाद घालायला, आणि इथे वाद घालायला कोणी उभंच नव्हतं. ती पिशवीच्या बंदाशी चाळा करत म्हणाली, "अगं, लगेच म्हणजे लगेच असं नाही... आणि या परत देणारच नाहीत का?"

"देतील की. पिसं भरली की देतील."

"आणि तोवर?"

"तोवर खायला घालायचं," आई म्हणाली. "दुसरं काय करतात?"

ती आत गेली आणि गाठोडं घेऊन आली. डाव्या हाताने. उजवा नुसता वरून टेकवलेला. उंबऱ्यात तिने चपला शोधल्या. बायको भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"आई," मिस्त्री म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. त्याने खाली बघितलं. आज खाली भुगा नव्हता, बायकोने अंगण झाडून घेतलं होतं.

"अंडी माझ्यामुळे थांबली. मी अंधार बांधला होता."

"तुझ्यामुळे थांबोत नाही तर माझ्यामुळे. थांबली ना?"

"थांबू देत." त्याचा आवाज नको तेवढा मोठा निघाला, कोंबड्या बाजूला झाल्या. "पुन्हा कधी आली नाहीत तरी चालेल. ताई, तिला नेऊ नकोस. मला... इथे पाहिजे ती."

ताई म्हणाली, "हे मागेच सांगायला काय झालं होतं तुला?"

त्याने हात खिशात घातले, बाहेर काढले.

आई उंबऱ्यात उभी होती, एक चप्पल पायात. ती खुराड्याकडे बघत होती. सकाळचं ऊन जाळीतून आत गेलं होतं, पण मागची बाजू काळोखीच होती.

"दुपारी ऊन त्या अंगाला असतं," ती म्हणाली.

"कुठल्या?"

"मागच्या. तिकडची फळी पण काप. एका बाजूने उजेड घेऊन काय होतंय? आणि कापायची तर नीट काप, या बाजूला करवत वाकडी गेलीय तुझी."

"वाकडी?" मिस्त्री म्हणाला. "कुठे वाकडी?"

"मला दिसते ना."

त्याने करवत आणली. फळी मोठी होती, सुटत जाणारं टोक कोणी धरल्याशिवाय कापता आली नसती. त्याने इकडेतिकडे बघितलं.

"ताई, हे टोक धर जरा."

ताईने पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी फळी धरली. आईने पायातली चप्पल काढली.

"हलवू नकोस," मिस्त्री म्हणाला आणि कापायला लागला.